डिशचं घर

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामातलं काहीतरी मजेशीर लिहा." मी हो म्हटलं, वही उघडली आणि चार दिवस तशीच बसून राहिले. मजेशीर पुष्कळ आहे. पण लिहायला बसलं की कानात एक आवाज येतो. आधी कढईच्या काठावर उलथन्याचे दोन ठोके, मग एक बाई कुणाला तरी विचारते, "मीठ घातलं का मी?" त्या बाईला मी प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या वाडीत माझं येणंजाणंही नव्हतं. तरी आयुष्यात मी सगळ्यात जास्त जपला तो तिचा आवाज, आणि तो घालवलाही मीच. तेव्हा मजेचं नंतर बघू. आधी माझं काम काय होतं ते सांगते.

मी सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करायचे. आता बॉक्स कुणी दुरुस्त करत नाही, बदलून देतात. गिरगावात एका घड्याळजींच्या दुकानावर पोटमाळा आहे, तिथे माझं टेबल होतं. डिलाईल रोडहून बसने यायचं, शिडी चढायची, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवायचं आणि भिंग लावून बसायचं. गिऱ्हाईक वर आलं की इकडेतिकडे बघून विचारायचं, "दुरुस्त करणारे कुठायत?" मी म्हणायचे, "समोर बसलेत." त्यावर निम्मे लोक "बरं, मी उद्या येतो" म्हणून शिडी उतरायचे. उद्या यायचेच, कारण दुसरीकडे कुठे बॉक्स सुधारत नसे. तेव्हा मी त्यांना मुद्दाम जरा ताटकळत ठेवायचे. स्वभाव आहे, जात नाही.

बॉक्सचे आजार दोनच. एक पोटाचा आणि एक कुलपाचा.

पोट म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतून दोनशे तीस व्होल्ट येतात, बॉक्सला हवे असतात तीन, पाच, बारा. हे पचवून द्यायचं काम त्या एका छोट्या पट्टीवर. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. गच्चीवरच्या डिशमधून चित्र खाली येतं हे सगळ्यांना कळतं, पण त्याच वायरीतून वीज वरही जाते. डिशच्या तोंडाशी मुठीएवढा एक डबा असतो, तो आकाशातून आलेलं पकडतो. त्याला वर कुणी प्लग दिलेला नसतो. त्याला तुमच्या घरातला बॉक्सच जेवू घालतो. बॉक्स उपाशी तर तोही उपाशी.

काही कंपन्यांचे अर्धे चॅनेल कमी व्होल्टवर येतात आणि अर्धे जास्त व्होल्टवर. पॉवर सप्लाय म्हातारा झाला की जास्तीचे व्होल्ट त्याला झेपत नाहीत आणि बरोब्बर अर्धे चॅनेल जातात. परळला एका घरात देवाधर्माचे सगळे चॅनेल गेले आणि मालिका तेवढ्या राहिल्या. सासूबाईंची खात्री, की हे सुनेचंच काम. सून माझ्याकडे बॉक्स घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, काय बिघडलंय ते कागदावर लिहून सही करून द्या." मी दिलं. तो कागद म्हणे पुष्कळ दिवस देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेला होता.

दुसरा आजार कुलपाचा. प्रत्येक बॉक्सात एक कार्ड असतं आणि त्या दोघांचं लग्न लागलेलं असतं. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या बॉक्सात चालत नाही. लालबागच्या एका बाईंनी मुलीचं दहावीचं वर्ष म्हणून कार्ड काढून तांदळाच्या डब्यात लपवलं आणि स्वतःच विसरल्या. दिवाळीत ते तांदूळ भाजणीबरोबर गिरणीत गेले. कार्डाचा एक कोपरा तेवढा परत आला. "चकल्या मात्र छान झाल्या," असं त्यांनी मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. लालबागचेच एक मसालेवाले होते, त्यांचा बॉक्स उघडला की आतून मिरचीची पूड उडायची आणि खाली घड्याळजी शिंकायला लागायचे. शिंकता शिंकता त्यांचा एखादा स्क्रू हरवला की दिवसभर माझ्याशी अबोला.

ह्या कुलपाचा आणखी एक प्रकार असे. काही बॉक्सांत हार्ड डिस्क असायची, म्हणजे आवडलेला कार्यक्रम साठवून ठेवता येई. पण साठवलेलं सगळं कुलपात. त्याची किल्ली बॉक्सच्या आत, कुणाला न दिसणारी. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर नुसता कचरा दिसतो. चोरी होऊ नये म्हणून केलेली युक्ती, आणि ती फार हुशार युक्ती आहे. मी त्या माणसाला कधी भेटले असते तर नमस्कार केला असता, आणि मग दोन शब्द सुनावलेही असते.

मीही एक युक्ती काढली होती. तिचं नाव जिना. बॉक्स सुरू केला की सगळ्यांना एकदम वीज हवी असते. बॉक्सच्या मेंदूला हवी, वर डिशला हवी, डिस्कला फिरायला हवी. जुना पॉवर सप्लाय एवढ्यांची भूक एकदम भागवू शकत नाही. तो दम तोडतो, बॉक्स बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. मी काडेपेटीएवढी एक पट्टी तयार केली. ती सगळ्यांना पंगतीत बसवायची. आधी मेंदू, मग डिश, व्होल्टेज जरा स्थिर झालं की डिस्क. पायरी पायरीने चढायचं म्हणून जिना. कंपनीने टाकून द्या म्हणून सांगितलेले बॉक्स जिना लावून वर्षानुवर्षं चालले. एका कंपनीचे इंजिनियर मुद्दाम माळ्यावर येऊन बघून गेले. "मॅडम, पेटंट घ्या," असं हसून म्हणाले. मी हसले नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना मी बसमधून लालबागच्या गच्च्या बघत बसले होते. सगळ्या डिश आग्नेयेकडे मान करून, एकाच कुणाचं तरी ऐकत असल्यासारख्या बसलेल्या. त्यांतल्या किती माझ्या जिन्यावरून वर चढलेल्या विजेवर चालल्या असतील, असं मनात येत होतं. माझा स्टॉप मागे गेला तरी मला कळलं नाही.

आता अंतोन अंकलची गोष्ट.

माझ्या दुकानामागे एक जुनी वाडी आहे. लाकडी व्हरांड्यांची बैठी घरं, मध्ये क्रूस, क्रुसापाशी तुळशीसारखं जपलेलं अबोलीचं झाड. तिथल्या पाच घरांत मिळून एक डिश होती. बॉक्स आणि कार्ड प्रत्येकाचं वेगळं, डिश तेवढी सामाईक, कारण डिश पेलेल असं छप्पर एकाच घराचं होतं. ते अंतोन अंकलचं. अंकल मूळचे इथलेच, पिढ्यान् पिढ्यांचे. गोदीतल्या एका ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. डिश त्यांच्या छपरावर, म्हणून तिला वीजही त्यांच्याच बॉक्समधून जाई. त्यांनी बॉक्स बंद केला की पाचही घरांत अंधार. म्हणून वाडीत त्या घराला डिशचं घर म्हणत, आणि डिशच्या घराने बॉक्स कधीही बंद करायचा नाही असा रिवाज पडला होता. अंकल कधी वसईला बहिणीकडे गेले तर किल्ली शेजारच्या मीनलवहिनींकडे ठेवून जात, मध्येच लाइट गेली तर बॉक्स पुन्हा लावायला.

अंकलची बायको सेरा. एका मराठी चॅनेलवर दुपारी स्वयंपाकाचा कार्यक्रम असे, त्यात सेराआंटीने एकदा बॉटल मसाल्यातली, म्हणजे ह्या वाड्यांत बाटल्यांत भरून वर्षभर ठेवतात त्या मसाल्यातली, कोलंबी करून दाखवली होती. अंकलनी ती बॉक्सात साठवली. पुढच्या वर्षी आंटी गेल्या. तेव्हापासून अंकल रोज बाराच्या आधी ती लावत आणि आवाज वाढवून स्वतः आत स्वयंपाकाला लागत. समोर बसून बघत नसत. तिकडे आंटी कांदा परतायच्या, इकडे अंकल. आंटी काय म्हणतात त्याच्याशी अंकलच्या भांड्यात काय शिजतंय ह्याचा काही संबंध नसे. त्या कोलंबी करत, हे डाळ.

हे मला कळलं ते अगदी ओझरतं. वाडीत मीनलवहिनींचा टीव्ही बघायला गेले होते. मार्चचे दिवस होते. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि नवरात्राच्या आगेमागे, काही दिवस दुपारी सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. डिशला मग उपग्रहाचं काही ऐकू येत नाही, नुसता सूर्यच ऐकू येतो. चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा काळा. पाच-दहा मिनिटं. ह्यात बिघाड काही नसतो, पण दर वर्षी लोक मला बोलावतातच. मी वहिनींना हेच समजावत होते आणि चार घरांतले टीव्ही एकदम गप्प झाले. गिरगावात भर दुपारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत एकच आवाज उरला, पलीकडच्या घरातला. साठवलेल्या कार्यक्रमाला सूर्याचं काय? उलथन्याचे दोन ठोके पडले. बाई म्हणाली, "कांद्याला वेळ द्यायचा. घाई केली की तो कच्चा राहतो आणि मग रात्रभर पोटात बोलतो." सूत्रसंचालिका खोटंखोटं हसली. मग बाई गोंधळली, बाजूला वळून विचारल्यासारखं म्हणाली, "मीठ घातलं का मी?" आणि आतून एक म्हातारा आवाज उत्तरला, "घातलं गो."

मी वहिनींकडे बघितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रोजचा आसा ता. पाठ झाला माका. कधी कधी वाटता, मेलो तो टीव्ही एक दिवस तरी बंद करा. पण बंद केल्यान तर आमचो पण बंद."

मी मात्र त्या दुपारी परत माळ्यावर आले ती काही वेळ नुसती बसून राहिले. चॅनेल कुठे, उपग्रह कुठे, सूर्य कुठे, आणि ह्या सगळ्याच्या अलीकडे एका घरात एक बाई मिठाची विचारपूस करतेय आणि तिला उत्तर मिळतंय.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, श्रावणात, अंकल स्वतः बॉक्स छातीशी धरून माझी शिडी चढून आले. फडक्यात गुंडाळलेला. "शैला," ते म्हणाले, "हा सारखा बंद पडतो, सारखा चालू होतो. कंपनीवाला म्हणतो नवीन देतो, हा परत न्यायचा. मी त्याला सांगितलं, तू चहा पी आणि जा."

"बरं केलंत अंकल. नवीन बॉक्सात जुनं काही येत नाही."

"तेच गो. सेरा आत हाय."

मी बॉक्स उघडला. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सारखी करणारे छोटे डबे, फुगले होते, डिस्क टकटक करत होती. डिस्क गेली असती तर कुणाच्या बापाला काही करता आलं नसतं. पण डिस्क धड होती, तिला फिरायला वीज पुरत नव्हती एवढंच. मी कपॅसिटर बदलले आणि जिना लावला. दहा वेळा बंद केला, दहा वेळा सुरू केला. दहाही वेळा डिस्क वेळेवर उठली. मी कार्यक्रम लावून बघितला. फक्त दोन ठोक्यांपर्यंत. पुढचं ऐकायचा अधिकार माझा नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बॉक्स लावून दिला. चालला. अंकलनी मला बळेच फुगे खायला लावले. म्हणजे तळलेले गोड फुगे, बाहेरच्या वाचकांनी घाबरू नये. मी तोऱ्यात घरी आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरगावात लाइट गेली. आली ती मिणमिणती, आपल्याकडे पावसात येते तशी. पाचही घरांतले टीव्ही चालू झाले आणि पाचांवर चित्र नाही. "अंकल, बॉक्स," मीनलवहिनी ओरडल्या. "अंकल, डिश द्या," आणखी कुणीतरी ओरडलं. अंकल चष्मा शोधत होते. पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला होता, की नवीन डिस्क दिसतेय, तयार करू का? 'होय' आधीच उजळलेलं होतं. लोक ओरडत होते. अंकलनी चष्म्याशिवाय बटण दाबलं. डिस्क तयार झाली. म्हणजे कोरी झाली.

मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा अंकल रिमोट दोन्ही हातांत धरून खुर्चीत बसले होते. "माझ्या बोटाने गेली गो," ते म्हणाले. "इतकी वर्षं सांभाळली आणि माझ्याच बोटाने गेली."

मी बॉक्सचं झाकण काढलं आणि मला सगळं दिसलं. माझ्या टेबलावर डिश नव्हती. मी तो बॉक्स दहा वेळा तपासला तो नुसता, वर काही भार नसताना. इथे त्याला आधी डिशला जेवू घालायचं होतं, तेही पडत्या लाइटीत. जिना व्होल्टेज स्थिर व्हायची वाट बघत राहिला, कारण मीच त्याला तसं शिकवलं होतं. डिस्कची पाळी येईपर्यंत बॉक्सचा धीर सुटला. डिस्क नाहीच असं त्याने धरलं. आणि मग ती उशिरा आली तेव्हा तिला ओळखलं नाही. सगळ्या गिरगावाला मी सांगत फिरायचे, की ते डिशचं घर आहे, त्यांचा बॉक्स इतरांसारखा नाही. आणि वेळ आली तेव्हा नेमकं तेच विसरले. ही चूक माझ्याशिवाय दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी म्हटलं, "बघते काय होतंय ते."

मी खटपटी केल्या. लॅमिंग्टन रोडवर पुसलेल्या डिस्कमधून वस्तू काढून देणारे लोक आहेत. त्यांनी काढलंही काहीतरी. पण ते कुलपातलं, आणि डिस्क नव्याने तयार करताना बॉक्सने किल्लीच बदलून टाकली होती. नव्या किल्लीने जुनं कुलूप उघडत नाही. चॅनेलला पत्र लिहिलं, तर ते चॅनेल केव्हाच बंद झालेलं. तिथे काम केलेल्या एका बाईंचा पत्ता काढला. त्या म्हणाल्या, जुन्या टेप्स कुठे गेल्या कुणास ठाऊक. फार गोड बोलल्या. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडले.

अंकलना मी एवढंच सांगितलं, की नाही मिळालं. ते म्हणाले, "तू कशाला जीवाला लावून घेतेस? बोट माझं." असं ते प्रत्येक भेटीत म्हणायचे आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरायचे. मी त्या अंगठ्याकडे बघायचे आणि गप्प बसायचे. दोन महिने मी त्या म्हाताऱ्याला माझ्या चुकीचा भार वाहू दिला. माझा धंद्यातला मान, माझा जिना, इंजिनियरांची शाबासकी, सगळं त्या गप्प बसण्यात होतं. आज लिहायला सोपं वाटतंय, तेव्हा जीभ उचलत नव्हती.

बॉक्स मात्र चालू असायचा. डिशचं घर म्हणून अंकल तो बंद करत नसत. टीव्ही बंद, बॉक्स चालू. बारा वाजता वाडीत चार घरांतल्या मालिका ऐकू येत आणि पाचव्या घरातून काही नाही.

नवरात्राच्या आधी मीनलवहिनी मला दुकानाखाली भेटल्या. म्हणाल्या, "शैलाताई, अंकल हल्ली मीठच घालूक विसरतत. काल वाटीभर सार धाडलेनी, एकदम अळणी. परवा पण. आधी कधी असा नव्हता." थोड्या थांबल्या. "त्या दिवशी मीच ओरडले ना ताई. मीच घाई केली त्यांका."

मीठ का विसरतात ते आम्हां दोघींनाही कळलं होतं. रोज बारा वाजता त्यांना कुणीतरी विचारत असे.

मी तशीच माळ्यावर न जाता वाडीत गेले. अंकल चूल पेटवत होते, गॅसलाही ते चूलच म्हणत. मी दारातच उभं राहून सांगितलं. जिना काय, तो कसा वाट बघत राहिला, मी टेबलावर काय तपासलं आणि काय विसरले. तांत्रिक भाषेत पळून जायचा मोह झाला होता, तो टाळला. शेवटी म्हटलं, "अंकल, तुम्ही ते बटण दाबलं नसतं तरी कधी ना कधी ते झालंच असतं. तुमचं बोट नाही. माझा हात आहे."

अंकलनी गॅस बारीक केला. सवयीने मुठीत गेलेला अंगठा सोडून समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"माझं बोट नाही?"

"नाही."

"आणि हे तुला कधीपासून ठाऊक?"

"त्याच दिवसापासून."

भिंतीवर आंटींचा फोटो होता, मी तिकडे बघायचं टाळलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "तू आता जा, शैला." आवाज चढला नव्हता, पण आतापर्यंत त्यांनी मला तसं कधी सांगितलं नव्हतं. मी चप्पल घातली आणि व्हरांड्याची पायरी उतरले. दुकानाकडे न जाता क्रुसाजवळच्या कट्ट्यावर बसले.

ऊन थेट डोक्यावर यायच्या बेतात होतं. चार घरांत चार मालिका चालल्या होत्या. एकीत कुणीतरी रडत होतं, दुसरीत सनई. मी छपरावरच्या डिशकडे बघत होते. तिच्या तोंडाशी असलेल्या डब्याची सावली सरकत सरकत थाळीच्या मधोमध येत होती. ती तशी आली की काय होतं हे मला माहीत होतं, पण डोक्यात ते आलं नाही. मला इतकंच वाटत होतं, की ह्या डिशला अजूनही अंकलच जेवू घालतायत. घरात काहीही झालं तरी.

आणि मग सूर्य मागे आला. रडणारी बाई मध्येच तुटली, सनई थांबली. चारही घरं गप्प झाली. पाचवं आधीच गप्प होतं. कबुतरांच्या पंखांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. वाडी पाण्याखाली गेल्यासारखी वाटली. मी श्वास धरून बसले होते, आणि मला कळलं की सगळेच तसे बसलेत. ह्याच मिनिटांत एवढी वर्षं सगळ्यांना एक आवाज ऐकू यायचा आणि आज तो येणार नव्हता.

समोरच्या घरातून कढईच्या काठावर दोन ठोके पडले.

कुणी मारले ते मला अजून ठाऊक नाही. पण लगेच मीनलवहिनींच्या स्वयंपाकघरातून आवाज आला. आधी त्या सूत्रसंचालिकेचं खोटं हसू, हुबेहूब. मग सावकाश, मालवणी बाजूला ठेवून, एकेक शब्द जपून: "कांद्याला वेळ द्यायचा. घाई केली की तो कच्चा राहतो आणि मग रात्रभर पोटात बोलतो." वहिनींचा आवाज आंटींसारखा नव्हता. जरा घोगराच होता. पण थांबे तेच होते, चढउतार तेच होते. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून त्यांच्यात ते मुरलं होतं. साठवलेलं फक्त त्या बॉक्सात होतं असं मी समजत होते. डिशच्या घराने पाचही घरांना वीज दिली होती, आणि त्याबरोबर आणखी काय काय गेलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. त्याला कुलूप नव्हतं.

मग वहिनी थांबल्या. आंटी तिथेच थांबायच्या. भांड्यांची उगीच थोडी खुडबुड, आणि मग बाजूला वळून विचारल्यासारखं:

"मीठ घातलं का मी?"

उत्तर आलं नाही. मी कट्ट्याची कड धरून बसले होते. अंकलच्या खिडकीत काही हलत नव्हतं. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही. आंटी एकदाच विचारायच्या.

बऱ्याच वेळाने आतून बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"नाही गो," अंकल म्हणाले. "आज राहिलंच होतं. घालतो."

सूर्य पुढे सरकला. रडणारी बाई जिथे तुटली होती त्याच्या पुढे कुठेतरी पुन्हा रडायला लागली, सनई वाजायला लागली, वाडी नेहमीसारखी झाली. मी डोळे पुसले आणि जायला उठले. व्हरांड्याच्या जाळीमागून अंकल माझ्याकडेच बघत होते.

"शैला," ते म्हणाले, "अजून गेली नाहीस ना? मग ये. दोन ताटं घेतलीयत."